बिटाचं दाट, मलईदार सूप घरच्या घरी: बीट निवडण्यापासून वाटीत वाढेपर्यंत

बिटाचं सूप म्हटलं की निम्मी माणसं नाक मुरडतात आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी जे समोर येतं ते एकतर गोडमिट्ट असतं, नाहीतर मातीचा वास मारतं, नाहीतर कॉर्नफ्लॉवर घालून चिकट केलेलं लाल पाणी असतं. नीट केलेलं सूप यातलं काहीच नसतं. ते पळीतून संथ पडतं, जिभेला कुठेही कण लागत नाही, आधी आंबट आणि मिरीचा झटका आणि मग मागून बिटाचा गोडवा. सांगलीत डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी जो गारठा पडतो त्यात रात्रीच्या जेवणाला हे सूप आणि भाकरी एवढंच केलं तरी घरात कुणाची तक्रार येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मलईदारपणासाठी क्रीमच्या पाकिटामागे लागू नका. बीट आतपर्यंत मऊ शिजवलं आणि आधी अगदी कमी पाण्यात भरपूर वाटलं की निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं, साय फक्त शेवटचा हात फिरवते. आणि मातकट वास गरम मसाल्याने झाकायला जाऊ नका, तो आंबट घातल्यानेच जातो. बाकी सगळं तुमच्या आवडीवर.

बीट घेताना

मंडईत थंडीत पाल्यासकट जुड्या येतात, शक्यतो त्याच घ्यायच्या. पाला टवटवीत असेल तर बीट ताजं, यात फसवाफसवी होत नाही, सुटी बिटं मात्र कधी काढलेली ते कळत नाही. आकार मुठीएवढा किंवा त्याहून थोडा लहान. दोन्ही हातांत मावणार नाही असलं दांडगं बीट स्वस्तात मिळतं पण आतून बऱ्याचदा दोरेदार निघतं, कापल्यावर पांढरट कडक वर्तुळं दिसतात आणि ती कितीही शिट्ट्या केल्या तरी मिक्सरमध्ये बारीक होत नाहीत. दाबून बघायचं, टणक लागलं पाहिजे. खालचं शेपूट बारीक आणि अख्खं असावं, मोडलेलं नको, का ते पुढे सांगते. शिवाजी मंडईत मी ज्या मावशींकडून घेते त्या स्वतःच निवडून देतात, "ताई ही न्या, ह्याची कातडी बगा कशी गुळगुळीत हाय, ती मोठी कोशिंबिरीला बी चालायची न्हाईत", आणि त्यांचं खरं असतं, कातडी गुळगुळीत असेल तर आत दोरा कमी असतो.

घरी आल्या आल्या पाला कापून वेगळा करायचा, नाहीतर तो बिटातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसात बीट लिबलिबीत होतं. कापताना देठ बोटभर ठेवायचे, अगदी बुडख्याला कापायचं नाही. आणि पाला टाकू नका हो. बीट पालकाच्या आणि राजगिऱ्याच्याच कुळातलं आहे, त्यामुळे पाल्याची भाजी तशीच लागते, लसणाची फोडणी देऊन मुगाची डाळ घालून किंवा पीठ पेरून मस्त होते.

चौघांसाठी सामान

बीट अर्धा किलो, म्हणजे मुठीएवढी चार. मध्यम बटाटा 1. मध्यम कांदा 1. लसूण 6-7 पाकळ्या, आलं बोटाच्या एका पेराएवढं. तूप किंवा घरचं लोणी दीड टेबलस्पून. जिरं अर्धा टीस्पून, एक तमालपत्र, ताजी कुटलेली मिरी अर्धा टीस्पून. मीठ. लिंबू 1, रसाळ. साय 3 टेबलस्पून. पाणी साधारण अडीच ते तीन कप, पण ते सगळं एकदम ओतायचं नाहीये.

टोमॅटो मुद्दाम लिहिला नाही. बरेच जण दोन टोमॅटो घालतात आणि मग ते बीट घातलेलं टोमॅटो सूप होतं, चांगलं लागतं पण ती वेगळी गोष्ट झाली. गाजराचंही तेच, रंग केशरीकडे जातो. आणि हळद तर अजिबात नको, हळदीच्या गावात बसून हे सांगायला जड जातं पण पिवळा आणि तो गडद गुलाबी एकत्र आले की विटकरी रंग येतो आणि चवीतही हळदीचा कडवटपणा पुढे येतो. साखरही नको. बिटात 100 ग्रामला साधारण 7 ग्राम साखर मुळातच असते. युरोपात साखर कारखाने ज्या बिटावर चालतात ते याचंच पांढरं भावंड, 1747 साली मार्ग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बिटातली साखर आणि उसाची साखर एकच आहे हे दाखवलं आणि मग तिकडे बिटाचे कारखाने उभे राहिले. तेव्हा आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसांनी बिटात वरून साखर घालायची गरज खरंच नाही.

शिजवणं

बीट सोलायचं नाही, चिरायचं नाही, शेपूट काढायचं नाही. फक्त माती नीट धुवायची, देठांच्या बेचक्यात माती अडकलेली असते तिथे जुना ब्रश फिरवायचा. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, त्यामुळे जिथे जिथे सुरी लागली तिथून तो पाण्यात उतरतो, रंगाबरोबर चवही उतरते. म्हणून देठ बोटभर ठेवायचे आणि शेपूट अख्खं हवं म्हणाले.

कुकरमध्ये तळाला दोन कप पाणी, त्यात बिटं थेट. वर एका डब्यात बटाटा सालासकट. झाकण लावून पहिली शिट्टी मोठ्या गॅसवर होऊ द्या, मग गॅस बारीक करून 20 मिनिटं. शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ बघितलेलं बरं, कारण प्रत्येकाच्या कुकरची शिट्टी वेगळ्या तालात होते. नंतर वाफ आपोआप जाऊ द्यायची, शिट्टी उचलून काढायची नाही, त्या दहा-पंधरा मिनिटांत बीट आतून शिजत असतं.

झाकण उघडल्यावर सगळ्यात मोठ्या बिटात सुरीचं टोक घाला. मधोमध जाईपर्यंत कुठेही अडलं नाही पाहिजे आणि सुरी उचलली की बीट सुरीला न लटकता खाली घसरलं पाहिजे. थोडं जरी कच्चं वाटलं तरी परत झाकण लावून सात-आठ मिनिटं द्या. इथे घाई केली की पुढे मिक्सर कितीही फिरवा, सूप रवाळच राहतं. कोशिंबिरीला आपण बीट जरा करकरीत ठेवतो, सुपाला ती सवय विसरायची.

तळाला जे लाल पाणी उरतं ते फेकायचं नाही, बारीक गाळणीतून गाळून ठेवायचं, तेच सुपात जाणार आहे. गाळायचं अशासाठी की देठातली उरलीसुरली माती त्यात बसलेली असते.

आता सोलणं. बिटं कोमट झाली की हातात धरून अंगठ्याने नुसतं सरकवायचं, साल मोज्यासारखी निघून येते, आतलं बीट चकचकीत आणि ओलसर दिसतं. साल चिकटून बसली असेल तर समजा अजून शिजायला हवं होतं. साल पूर्ण काढायची, थोडीसुद्धा ठेवायची नाही, कारण मातकट वास सालीत आणि सालीच्या लगतच जास्त असतो. देठाकडचं बुडखं आणि शेपूट आता कापून टाकायचं. हात लाल होऊ नयेत म्हणून आधी हाताला थेंबभर तेल चोळून घ्या, आणि झालेच लाल तर लिंबाचं साल मीठ लावून घासा. लाकडी पाटावर बीट चिरू नका, डाग बसतो, स्टीलच्या ताटात चिरा.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी एकदा भाजून बघा. फॉइलमध्ये गुंडाळून 200 डिग्रीला तासभर, मोठं असेल तर त्याहून थोडं जास्त. पाण्यात काहीच जात नाही, गोडवा घट्ट होतो आणि थोडा खमंगपणा येतो. आणि थंडीत रानात हुरड्याला जाणार असाल तर घरून चार बिटं घेऊन जा, हुरडा खाऊन झाल्यावर आगटीच्या निखाऱ्यात पुरून ठेवा, तास-दीड तासाने काढा. वरची साल काळी होऊन करपते ती सोलून टाकायची, आतलं बीट घरी आणून सूप केलं तर त्याला जो धुरकट वास येतो तो कुठल्याच मसाल्याने येत नाही.

परतणं

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तूप तापवा, मध्यम आचेवर. जिरं तडतडलं की तमालपत्र, मग ठेचलेला लसूण आणि आलं, लसणाच्या कडा जरा सोनेरी झाल्या की उभा चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ. मीठ आत्ताच घातलं की कांदा पाणी सोडतो आणि न करपता मऊ होतो. कांदा लाल करायचा नाही, आपल्याला काळ्या मसाल्याचं वाटण करायचं नाहीये, फक्त काचेसारखा पारदर्शक होऊन त्याचा उग्रपणा जायला हवा, सहा-सात मिनिटं लागतात. मग चिरलेलं बीट घाला, दोन-तीन मिनिटं तुपात परता, गॅस बंद.

लोखंडी कढई आणि कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं इथे वापरू नका. लोखंड आणि तांबं बिटाच्या रंगाला मारतात, शिवाय पुढे लिंबू पिळायचं आहे. सोडा तर चुकूनही नाही, कडधान्य शिजवताना काही जण चिमूट टाकतात तशी सवय असेल तर इथे आवरा, सोड्याने बिटाचा रंग पिवळट तपकिरी होतो.

वाटणं, आणि इथे वेळ द्या

सगळा खेळ इथे आहे. आधी तमालपत्र काढून टाका (हे विसरायला होतं आणि मग मिक्सरमध्ये त्याचे काटेरी तुकडे होऊन बसतात). मिश्रण कोमट होऊ द्या. गरम गरम मिक्सरच्या भांड्यात घालून फिरवलं तर आत वाफ कोंडून झाकण उडतं आणि अंगावर भाजतं, ते लाल चटके आणि लाल भिंत दोन्ही नको. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही, दोन घाणे करा.

बीट-कांदा भांड्यात घालून फक्त अर्धा कप कुकरचं पाणी घाला. फक्त अर्धा. पाणी जास्त असलं की बिटाचे तुकडे पाण्यात पळत राहतात आणि पात्याखाली येतच नाहीत, आपल्याला वाटतं दोन मिनिटं फिरवलं म्हणजे झालं पण तळाला बारीक कण तसेच असतात. कमी पाण्यात ते जड होऊन पात्यावर बसतात. थांबून, कडेचं चमच्याने खाली ढकलून, परत फिरवून असं एकूण दोन-अडीच मिनिटं. चिमटीत घेऊन बोटांनी चोळून बघा, नुसतं बघून कळत नाही. बोटांना कण लागला की अजून फिरवायचं. झालेलं वाटण गुळगुळीत असतं, त्याच्यावर चकाकी आलेली असते.

बटाटा याच्याबरोबर सुरुवातीला घालू नका. शिजलेला बटाटा मिक्सरमध्ये जास्त फिरला की त्यातला स्टार्च सुटतो आणि सगळं खळीसारखं चिकट होतं, भांड्यातून तार निघते. बीट पूर्ण बारीक झालं की मग सोललेला बटाटा कुस्करून घालायचा, अजून पाऊण कप पाणी घालायचं आणि वीस-तीस सेकंद, बास.

बटाटा नको असेल तर पर्याय आहेत. एक टेबलस्पून इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ वरच्या डब्यात पाण्यात शिजवून घाला, फार रेशमी टेक्स्चर येतं आणि चव मध्ये येत नाही, मला स्वतःला बटाट्यापेक्षा हेच जास्त आवडतं. दोन टेबलस्पून मूगडाळ शिजवून घातली तर पोटभरीचं होतं, आजारी माणसाला चांगलं, पण रंग थोडा फिका पडतो. लाल भोपळा नको, गोडावर गोड होतं.

वाटलेलं सगळं गाळायचं. कंटाळा येतो मान्य आहे पण हॉटेलच्या आणि घरच्या सुपात जो फरक लागतो तो बराचसा इथला आहे. मोठ्या जाळीदार गाळणीत घालून पळीच्या पाठीने गोल गोल दाबत राहायचं, वर चमचाभर दोरे आणि लसणाची एखादी साल राहते. घरात पुरणयंत्र असेल तर त्याची बारीक जाळी लावून फिरवा, पाच मिनिटांत होतं. लाइट गेली असेल तर मिक्सरशिवाय नुसत्या पुरणयंत्रातूनही दोनदा काढून सूप करता येतं, बीट नीट शिजलेलं असलं पाहिजे एवढंच. हँड ब्लेंडरवाल्यांनी थेट पातेल्यात फिरवलं तरी चालेल, पण त्यांनी गाळणं टाळू नये. आणि मिक्सरचं भांडं प्लास्टिकचं असेल तर लगेच धुवा, वाळलं की गुलाबी झाक राहते.

उकळी, आंबट, साय: हा क्रम बदलू नका

गाळलेलं परत पातेल्यात, उरलेलं कुकरचं पाणी घालत घालत पाहिजे तेवढं सैल करा. किती सैल? पळी बुडवून बाहेर काढा, तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, रेघ क्षणभर तशीच राहून मग कडा हळूच जवळ येऊ लागल्या की बरोबर. रेघ तशीच्या तशी राहिली तर ती चटणी आहे, अजून पाणी. ओढता क्षणी बुजली तर पातळ झालंय, उघडं ठेवून मंद आचेवर आटवा. पाणी घालायचं ते गरम घाला. थंड झाल्यावर हे सूप अजून थोडं घट्ट होतं हे धरून चाला.

मीठ आणि मिरी घालून बारीक गॅसवर पाच मिनिटं. दाट असल्यामुळे बुडबुडे फुटून लाल थेंब लांबपर्यंत उडतात, झाकण तिरकं ठेवा आणि मधूनमधून तळापासून ढवळा. यापेक्षा जास्त उकळायचं नाही, बिटाचा रंग उष्णतेने मरतो, सकाळी करून दिवसभर मंद गॅसवर ठेवलेलं सूप संध्याकाळी तपकिरी दिसतं ते म्हणूनच.

गॅस बंद. आता लिंबू, आधी अर्धं. ढवळा, चाखा. इथे जो बदल होतो तो लक्ष देऊन बघा, लिंबाच्या आधी एक चमचा आणि नंतर एक चमचा असं मुद्दाम चाखून बघा. आधी जड आणि मातकट लागणारं सूप एकदम मोकळं लागतं. बिटाचा तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो, पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो तोच हा, पाऊस पडताना हवाहवासा पण ताटात नको, आणि आंबटाने तो पदार्थ मोडतो म्हणून लिंबू. रंगालाही फायदा होतो, बिटातला बीटानिन हा रंग हलक्या आंबटात सगळ्यात टिकाऊ असतो. बोअरचं जड पाणी वापरत असाल आणि रंग निळसर जांभळट वाटत असेल तर लिंबू पडताच तो लालसर किरमिजी होतो, डोळ्यासमोर. ज्यांनी बीट पिढ्यान् पिढ्या खाल्लं त्या युक्रेनच्या लोकांचं बोर्श्ट बघा, तिथे बिटाच्या सुपात आंबट ठरलेलं, वर परत आंबट क्रीम, 2022 साली युनेस्कोने त्यांची ती बोर्श्ट करायची परंपरा आपल्या यादीत घेतली. आपलं सूप वेगळं, वाटलेलं, पण हा धडा तोच.

लिंबाऐवजी कोकमही चालतं, तीन-चार आमसुलं कोमट पाण्यात भिजवून ते पाणी घालायचं, रंग अजून गडद होतो. चिंच नको, काळपट दिसतं. किती आंबट हे तुमच्या जिभेवर सोडते, पण एक खूण सांगते: सूप आंबट लागता कामा नये, ते फक्त गोड लागायचं थांबलं पाहिजे.

साय सगळ्यात शेवटी. सायीत दोन-तीन चमचे कोमट सूप घालून काट्याने किंवा रवीने घोटून एकजीव करा आणि मग ते पातेल्यात ओता. तशीच घातली तर सायीचे पांढरे तुकडे वर तरंगतात. म्हशीच्या दुधाची, रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेली जाड साय असेल तर बाजारच्या क्रीमपेक्षा चव कितीतरी भरीव लागते, आपल्याकडे दुधाला तोटा नाही तर हा फायदा घ्या. साय घातल्यावर परत उकळी आणायची नाही. दूध घालू नका, लिंबू आणि गरम दूध एकत्र आलं की फाटतं, सायीत आणि क्रीममध्ये स्निग्धांश जास्त असतो म्हणून ती तग धरते. दही घालायचं असेल तर लिंबू कमी करा आणि दही घोटून वाटीत वाढल्यावर वरून घाला. दुधाचं चालत नाही अशांसाठी 8-10 काजू गरम पाण्यात भिजवून बिटाबरोबरच वाटायचे, किंवा नारळाचं दाट दूध पाव कप. नारळाचं दूध घातलं तर आलं थोडं वाढवा, छान जमतं.

वर काय घालायचं

तळलेले ब्रेडचे तुकडे सगळीकडेच घालतात. त्यापेक्षा शिळी ज्वारीची भाकरी हाताने बारीक तुकडे करून चमचाभर तुपात मंद आचेवर कुरकुरीत करा, वरून मीठ. गोडसर सुपाबरोबर ज्वारीचा तो खमंगपणा फार शोभतो. आणि सांगलीत राहून भडंग घातलं नाही तर काय मजा, एक मूठ लसणाचं भडंग वाटीत अगदी खायच्या क्षणी टाकायचं, एका मिनिटाच्या वर राहिलं की मऊ पडतं, त्यामुळे भडंगाची वाटी शेजारी ठेवा आणि ज्याने त्याने घालून घ्यावं. मुलांना हे सूप प्यायला लावायचा याच्याइतका सोपा मार्ग मला माहीत नाही.

घरात ज्यांना सूप म्हणजे पथ्याचं वाटतं त्यांच्यासाठी छोट्या पळीत चमचाभर तूप तापवून गॅस बंद करून चिमूटभर कांदा-लसूण मसाला टाका आणि ती तर्री त्यांच्याच वाटीवर सोडा. सगळ्या पातेल्यात घालू नका, रंग जातो आणि मग मसाल्याचीच चव राहते. बेदाणे घालू नका, बीट मुळात गोड आहे.

बिघडलं तर

लिंबू घालूनही मातकट लागतंय तर बहुतेक साल राहिली किंवा बीट फार जुनं होतं. आल्याचा रस चमचाभर आणि अजून थोडं लिंबू घाला, बऱ्यापैकी सावरतं. फार गोड झालं तर मीठ आधी तपासा, बऱ्याचदा मीठच कमी असतं. मग लिंबू, मग मिरी, याच क्रमाने. चिकट झालं तर बटाटा जास्त फिरलाय, ते परत सुटत नाही, गरम पाणी घालून पातळ करून वाटीऐवजी पेल्यातून प्यायला द्या. साय फाटून कण दिसत असतील तर थोडं गार होऊ देऊन परत मिक्सरमधून काढा, दिसायला तरी ठीक होतं. रंग मातट झाला असेल तर लिंबाने थोडा परत येतो, पण सोड्याने गेलेला किंवा तास तास उकळून गेलेला रंग पूर्ण येत नाही.

तब्येतीचं थोडं

बीट खाल्लं की रक्त वाढतं असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. लाल रंगामुळे तसं वाटतं, पण तो रंग लोहाचा नाही, बीटानिनचा आहे. बिटात लोह 100 ग्रामला एक मिलिग्रामपेक्षाही कमी असतं. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करून बिटाच्या सुपावर राहू नका, हे मी मनापासून सांगते, विशेषतः गरोदर बायकांच्या बाबतीत. फोलेट हे जीवनसत्त्व मात्र बिटात चांगलं असतं आणि पोटाला तंतू मिळतात, खायचं ते जरूर खा.

ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, कारण बिटात आणि त्याच्या पाल्यात ऑक्झलेट भरपूर असतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील आणि बीपी मुळातच कमी राहत असेल तर रोज वाटी वाटी नको, बिटातल्या नायट्रेटमुळे रक्तदाब थोडा उतरू शकतो. शुगरवाल्यांनी बटाटा-तांदूळ वगळून मूगडाळीचं करावं आणि वाटी लहान घ्यावी. आणि दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरून जाऊ नका, काही जणांना बीट खाल्ल्यावर तसं होतं, एक-दोन दिवसांत जातं. बीट खाल्लेलं नसताना तसं दिसलं तर मात्र दवाखान्यात जा.

उरलं तर, किंवा आधी करून ठेवायचं तर

पाहुणे येणार असतील तर गाळण्यापर्यंतचं सगळं आदल्या दिवशी करून ठेवता येतं. दाट वाटण गार करून काचेच्या डब्यात फ्रीजमध्ये तीन दिवस आरामात राहतं. लिंबू आणि साय घालायच्या आधीचंच ठेवा, साय घातलेलं दुसऱ्या दिवशीच संपवा. फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेत घालून गोठवलं तर दोन महिने चालतं, चार-पाच खडे काढायचे, गरम पाण्यात सोडायचे, ढवळून एक उकळी की एका माणसाचं सूप तयार. बटाट्याचं गोठवून काढल्यावर कधी कधी पाणी सुटल्यासारखं दिसतं, तांदळाचं त्यामानाने चांगलं राहतं, म्हणून गोठवायचं असेल तर तांदूळच वापरा.

परत गरम करताना मंद आच आणि ताजं लिंबू. आणि तेच दाट वाटण उरलं असेल तर सकाळी त्यात ओवा, तीळ, मिरची घालून कणीक मळा आणि थालीपिठासारखं थापा किंवा पराठे लाटा, पाणी वेगळं घालावं लागत नाही, डब्यात दिले तर संध्याकाळपर्यंत मऊ राहतात.